वहीशी ताळा

लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे पाटावर चोपडीच्या जागी आलेखांची वही असते. नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची. १ नोव्हेंबर २०२४ ला संध्याकाळी सहा ते सात शेअर बाजारात मुहूर्ताचे व्यवहार होते. पूजा उरकून नाना माझ्या मुलाशेजारी जाऊन बसले. तो लॅपटॉपवर चार्ट बघत होता. चष्मा पुसून, पुन्हा लावून नाना बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "अरे, यातला वर गेलेला दिवस कुठला आणि पडलेला कुठला?"

मुलगा म्हणाला, "आजोबा, मलाही नाही कळत. मी उजवीकडचा आकडा बघतो."

लाल आणि हिरव्या रंगातला फरक या दोघांनाही धड दिसत नाही. हा दोष आजोबांकडून लेकीमार्फत नातवाकडे येतो. मधली मी, मला दोन्ही रंग लख्ख दिसतात. एवढी वर्षं मुलगा हिरव्या-लाल कँडल्सचा, म्हणजे भाव वर गेला तर हिरवा आणि पडला तर लाल अशा चौकोनांचा, चार्ट वापरत होता आणि आम्हाला त्याने एका शब्दाने सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी ठरवलं, की नानांच्या वहीत आहे तसाच चार्ट पडद्यावर उभा करायचा. नानांचं वय ८१, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशन्स झालेली, आणि त्या पावसाळ्यापासून हात कापायला लागल्यामुळे पेन्सिलीची रेघ चौकट सोडून जायला लागली होती. वही बंद पडली होती. ती बंद पडल्यापासून नाना दुपारी साडेतीननंतर नुसतेच गॅलरीत बसत, आणि ते मला बघवत नव्हतं.

वह्यांबद्दल थोडं सांगायला हवं. नाना भोसरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग विभागात होते. राहायला आम्ही सदाशिव पेठेत. भोसरीला सुट्टी गुरुवारची, त्या दिवशी बाजार चालू. त्यामुळे गुरुवारी सकाळी नाना चालत कुमठेकर रस्त्यावर शिवलीला चेंबर्समध्ये जात. तिथे पुणे स्टॉक एक्स्चेंज होतं, १९८२ साली सुरू झालेलं. ते आता नाही. बाकीचे दिवस दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातले उघडतानाचा, सगळ्यात वरचा, सगळ्यात खालचा आणि बंद असे चार भाव घेऊन ते आलेख भरत. कागद अप्पा बळवंत चौकातून आणलेला. दिवस वर बंद झाला तर चौकोन पोकळ, खाली बंद झाला तर पेन्सिलीने भरलेला. कँडलची पद्धत जपानमधल्या तांदळाच्या व्यापारातून आलेली, आणि कागदावर ती काळ्या-पांढऱ्यातच चालायची. नानांना रंगांची गरजच पडली नव्हती. फक्त बोनस (जादा शेअर फुकट मिळणं) किंवा स्प्लिट (एका शेअरचे तुकडे होणं) झालं, की ते निळ्या पेन्सिलीने उभी रेघ मारून बाजूला प्रमाण लिहीत.

पहिल्या शनिवारी आम्ही बसलो. तपकीर गल्लीतून लांब वायर आणून लॅपटॉप टीव्हीला जोडला, म्हणजे नानांना खुर्चीत बसून दिसेल. पडद्याची पार्श्वभूमी काळी होती, ती पांढरी केली. मागच्या जाळीच्या रेघा अगदी फिकट केल्या, आकड्यांचा आकार वाढवला. भावाची पट्टी उजवीकडून डावीकडे नेली, कारण वहीत ती डावीकडे आहे आणि चाळीस वर्षांची नजर तिकडेच जाते. हे सगळं अर्ध्या तासात झालं.

कँडल मात्र पहिल्या झटक्यात जमली नाही. यादीत 'पोकळ कँडल' असा वेगळा प्रकार होता, तो निवडला. दिसायला वहीसारखा. पण नाना पाच मिनिटांतच म्हणाले, "हे चूक आहे. ही कँडल भरलेली आहे, आणि हिच्या कडेचा रंग आधीच्या भरलेल्या कँडलसारखा नाही." रंग कुठला ते त्यांना सांगता येत नव्हतं, पण गडद-फिकटातला फरक त्यांनी टिपला होता. शोधल्यावर कळलं, की त्या प्रकारात पोकळ की भरीव हे त्याच दिवसाच्या उघडण्या-बंद होण्यावरून ठरतं, आणि रंग ठरतो आदल्या दिवशीच्या बंद भावावरून. म्हणजे एखादा शेअर सकाळी खूप वर उघडला, दिवसभर घसरला, तरी कालच्यापेक्षा वर बंद झाला, तर कँडल भरलेली आणि हिरवी. माहिती चांगली आहे, पण एका चौकोनात दोन प्रश्नांची उत्तरं. नानांना एकच हवं होतं. शेवटी साध्या कँडल प्रकारात जाऊन वर बंद झालेल्या कँडलचं अंग पांढरं, खाली बंद झालेल्या कँडलचं काळं, आणि दोन्हींच्या कडा काळ्या केल्या. मुलाने स्वतःच्या चार्टलाही तेच केलं. तो गप्प बसून पाच मिनिटं नुसता चार्ट मागे-पुढे सरकवत होता. मग म्हणाला, "आई, आता दिसतंय." त्या एका वाक्यासाठी मी पुढचे सगळे शनिवार बसले असते.

सोमवारी सकाळी नाना नऊ वाजताच तयार. बाजार सव्वानऊला उघडला, कँडल उमटली, आणि खाली वेळ दिसली ३:४५. नाना मुकाट्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. चार्टची वेळ जागतिक प्रमाणवेळेवर होती, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. यादीत मुंबई शोधत बसले, सापडेना. भारतीय वेळ कोलकात्याच्या नावाने असते.

वेळेचं अजून एक होतं. एक तासाचा चार्ट लावला की दिवसाच्या सात कँडल्स दिसतात, पण सातवी फक्त पंधरा मिनिटांची. बाजार सव्वानऊ ते साडेतीन, म्हणजे ३७५ मिनिटं. त्याला साठने नीट भाग जात नाही. शेवटच्या तोकड्या कँडलवरून आदल्या सहांशी तुलना करणं म्हणजे सहा पेले भरून दूध आणि सातवा पाव भरलेला, असं नाना म्हणाले. ३७५ ला ७५ ने भागलं की बरोबर ५. म्हणून आमचा दिवसातला चार्ट ७५ मिनिटांचा आहे: पाच कँडल्स, पाचही सारख्या. नानांनी हा भागाकार तोंडी केला. पुढे मुलाने त्याच्या ऑफिसमधल्या मित्रांना सांगितलं, तर ही ७५ मिनिटांची कँडल वापरणारे बरेच निघाले. नानांना ते ऐकून फार बरं वाटलं.

खरं काम पुढच्या शनिवारी सुरू झालं. नाना म्हणाले, "चार्ट खरा आहे हे कशावरून? ताळा करा." त्यांनी २००४ सालची इन्फोसिसची वही काढली. जून महिना, भाव पाच हजारांच्या वर. पडद्यावर तोच महिना काढला, तर भाव शंभराच्याही खाली. वहीत जुलैच्या सुरुवातीला निळी रेघ, बाजूला 'बोनस ३:१', आणि आलेख तिथून एकदम पाव उंचीवर. पडद्यावर रेघ नाही, पडझड नाही, आलेख आपला गुळगुळीत चाललाय.

मी बँकेत २६ वर्षं काढली आहेत. आकडे जुळले नाहीत तर मला जेवण जात नाही. वही आणि पडदा, यांतलं कोण खोटं? दोघंही नाही. बोनस मिळाला की एका शेअरचे चार होतात आणि भाव चौथ्या हिश्शावर येतो. कुणाचं नुकसान झालेलं नसतं. तो कडा दिसू नये म्हणून चार्ट मागचे सगळे भाव त्या प्रमाणात भागून ठेवतो. इन्फोसिसने २००४ मध्ये एका शेअरमागे तीन बोनस दिले, त्यानंतर २००६, २०१४, २०१५ आणि २०१८ मध्ये एकास एक. नानांनी पाठकोऱ्या कागदावर मांडलं: चार गुणिले दोन, गुणिले दोन, गुणिले दोन, गुणिले दोन. ६४. वहीतला भाव ६४ ने भागून पडद्यावर शोधला. जुळला. पूर्ण नाही, अजून अंतर राहत होतं. चार्टच्या कोपऱ्यात लाभांशाचा हिशेब धरायचा की नाही याचं छोटं बटण होतं, ते बंद केल्यावर तेही गेलं. बोनस आणि स्प्लिटचा भागाकार मात्र तिथे बंद करता येत नव्हता.

त्या रात्री नानांनी वहीची तीस पानं तपासली. एकेक आकडा ते वाचायचे, मी कॅल्क्युलेटरवर भागायचे, मुलगा पडद्यावर काटा त्या दिवशी नेऊन भाव सांगायचा. दोन ठिकाणी फरक निघाला. एका ठिकाणी नानांनी वर्तमानपत्रातला आकडा उलटा उतरवला होता. दुसऱ्या ठिकाणचा उलगडा आम्हाला झाला नाही, तिथे त्यांनी पेन्सिलीने छोटं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं. साडेअकरा वाजता म्हणाले, "आता मी हा चार्ट वापरतो."

लाभांशाचं बटण लहान आहे पण त्याला लहान समजू नये. ते चालू असेल तर मागचे भाव दरवर्षी थोडे थोडे खाली सरकत जातात. दहा वर्षांपूर्वीच्या तळाची तुम्ही मनाशी धरलेली पातळी आणि चार्टवरची पातळी वेगळी पडते. पैसा एकूण किती वाढला हे बघायचं असेल तर ते चालू हवं. बोनस-स्प्लिटचा भागाकार सोडला तर त्या दिवशी लोकांनी खरोखर कुठल्या भावाला खरेदी केली हे बघायचं असेल तर बंद हवं. आम्ही बंद ठेवलं आहे आणि तसं चार्टवरच एका कोपऱ्यात लिहून ठेवलं आहे.

मग पट्टीचा प्रश्न. २००४ मधले ऐंशी-नव्वद आणि आम्ही हे करत होतो तेव्हाचे अठराशे एकाच चार्टवर आले, की जुनी दहा वर्षं तळाशी चिकटलेल्या सपाट रेघेसारखी दिसतात. नानांच्या लांब पल्ल्याच्या आलेखांचा कागद साधा नव्हताच. इंजिनिअर वापरतात तो लॉग पेपर. त्यावर १०० ते २०० हे अंतर आणि ८०० ते १६०० हे अंतर सारखंच, कारण दोन्ही वेळा पैसे दुप्पट झाले. पडद्यावर लॉग स्केलची खूण केली आणि तीच सपाट रेघ जिवंत झाली, २००८ ची घसरणसुद्धा तिच्या खऱ्या मापाने दिसायला लागली. एक मात्र लक्षात ठेवावं लागतं: साध्या पट्टीवर दोन तळ जोडून ओढलेली रेघ लॉगवर नेली, की मधल्या काळात ती वेगळ्या भावांतून जाते. एकीकडे भावाने तोडलेली रेघ दुसरीकडे तुटलेली नसू शकते. म्हणून नानांचा नियम असा, की वर्षाच्या आतलं काम साध्या पट्टीवर, त्यापुढचं लॉगवर, आणि एकावर ओढलेली रेघ दुसऱ्यावर बघायची नाही.

इंडिकेटरच्या, म्हणजे भावांवरून काढलेल्या मापांच्या, यादीत शेकडो नावं आहेत. नानांना वहीत होते तेवढेच हवे होते: दहा आठवड्यांची सरासरी आणि आरएसआय. सरासरी लगेच जुळली. आरएसआयने मात्र दोन शनिवार घेतले. वेल्स वायल्डर या अमेरिकन अभियंत्याने १९७८ मध्ये मांडलेलं हे माप; १४ दिवसांतली वाढ आणि घट यांचं गुणोत्तर शंभराच्या पट्टीवर बसवायचं, ७० च्या वर गेलं की चढ फार झाला असं समजायचं, ३० च्या खाली गेलं की उतार. नानांनी भारत फोर्जच्या वहीतल्या वीस दिवसांवरून हाताने काढलेला आकडा आणि पडद्यावरचा आकडा यांत चार-पाचचा फरक येत होता. मुलाच्या एका मोबाइल ॲपवर तिसराच आकडा.

नाना म्हणाले, सूत्र तर तेच आहे. सूत्र तेच होतं, सुरुवात वेगळी होती. वायल्डरच्या पद्धतीत पहिल्या १४ दिवसांची साधी सरासरी घेतात. मग रोज जुन्या सरासरीचे तेरा भाग आणि आजचा एक भाग मिळवून चौदाने भागतात. म्हणजे सुरुवातीचा आकडा कधी पूर्ण जात नाही, नुसता झिजत जातो. १४ दिवसांनंतरही त्याचं वजन एक तृतीयांशाहून जास्त उरतं. १०० दिवसांनंतर ते हजारात एकाहूनही कमी होतं. नानांनी वीस दिवसांवर काढलेला आरएसआय अजून त्या पहिल्या आकड्याच्या ओझ्याखाली होता, आणि पडद्यावरचा कित्येक वर्षांपासून चालत आलेला होता. आम्ही सहा महिने मागून हिशेब सुरू केला. नानांनी तो कॅल्क्युलेटरवर केला, कागदावर, एका आठवड्यात. शेवटचा आकडा दशांशापर्यंत जुळला. ८१ व्या वर्षी त्यांचा चेहरा मी असा फुललेला कितीतरी दिवसांनी पाहिला. दोन ठिकाणी आरएसआय वेगळा दिसला, तर आधी मागे किती दिवसांचे भाव धरलेत ते बघावं, असं मी आता प्रत्येकाला सांगते.

बंद भावाचाही असाच एक घोळ होता. साडेतीनला दिसलेला बंद भाव नाना लिहून ठेवायचे, आणि रात्री तोच दिवस उघडला की आकडा रुपया-दोन रुपयांनी सरकलेला. आम्ही हे करत होतो तेव्हा एनएसई, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजार, अधिकृत बंद भाव शेवटच्या सौद्यावरून ठरवत नसे. तीन ते साडेतीन या अर्ध्या तासातल्या सौद्यांची, शेअरसंख्येनुसार वजन दिलेली सरासरी घेत असे. पंधरा मिनिटांच्या चार्टवरची शेवटची कँडल शेवटच्या सौद्यावर थांबते आणि रोजच्या चार्टवर अधिकृत भाव येतो, म्हणून दोघांत फरक. हे कळल्यावर नानांनी दिवसाची नोंद रात्री जेवणानंतर करायला सुरुवात केली. वर्तमानपत्राची वाट बघायची त्यांची जुनी सवय याच कारणाने बरोबर होती.

अलर्टबद्दल आमचं थोडं वाजलं. भाव ठरलेल्या पातळीला आला की वाजणारा, मुलाने लावलेला पहिला अलर्ट भर दुपारी वाजला. भाव पातळीला शिवून परत वर गेला होता. नाना झोपेतून उठून आले आणि चिडले. "शिवला म्हणजे काय? बंद कुठे झाला ते सांग." अलर्टच्या सेटिंगमध्ये कँडल पूर्ण झाल्यावरच वाजायची सोय असते, ती लावली. आठवड्याच्या चार्टवरचे अलर्ट आता शुक्रवारी बाजार बंद झाला की वाजतात. घरात शांतता आहे.

एका संध्याकाळी ओढलेल्या सगळ्या रेघा गायब झाल्या. नाना काही बोलले नाहीत, पण त्यांनी टीव्ही बंद केला. मी रात्री एकटी शोधत बसले. रेघा गेल्या नव्हत्या. नाव टाइप करताना यादीतून एनएसईऐवजी बीएसईवरचा, म्हणजे मुंबई शेअर बाजारावरचा, तोच शेअर उघडला गेला होता, आणि रेघा ज्या बाजाराच्या चार्टवर ओढल्या त्यालाच चिकटलेल्या असतात. तेव्हापासून नानांचे तेरा शेअर एका वॉचलिस्टमध्ये आहेत, नाव टाइप करायचं कामच नाही. शिवाय मांडणीला नाव देऊन ती जतन केली आहे: 'नाना आठवडा' आणि 'नाना दिवस'.

एक मिनिटाच्या चार्टचं बटण मी दोघांच्याही वरच्या पट्टीतून काढून टाकलं. मुलाने विचारलं, का? मी त्याला शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासातले आकडे वाचून दाखवले. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या भावावरच्या करारांमध्ये, उतरलेल्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. आमच्या सोसायटीतला एक मुलगा त्यांतला एक आहे, त्याच्या आईबरोबर मी रोज फिरायला जाते. दिवसाला ३७५ कँडल्स बघणाऱ्या माणसाला ३७५ वेळा काहीतरी करावंसं वाटतं. मुलाने बटण परत लावलं नाही.

१६ जून २०२५ ला सोमवार होता. साडेदहाला दिवसाची पहिली कँडल पूर्ण झाली आणि एकदम चार अलर्ट वाजले, सगळे बजाज फायनान्सचे. हा शेअर नानांकडे जुना आहे, आकुर्डीचा म्हणून त्यांना त्याचं कौतुकही. ते खुर्चीतून म्हणाले, "आज बोनस आहे." एका शेअरमागे चार बोनस आणि एकाचे दोन असं स्प्लिट, एकाच दिवशी, एका शेअरचे दहा. शुक्रवारी नऊ हजारांच्या वर असलेला भाव हजाराच्या खाली उघडला होता. चार्टने मागच्या सगळ्या कँडल्स दहाने भागून गुळगुळीत करून ठेवल्या होत्या. पण आम्ही ओढलेल्या रेघा चार्टने भागल्या नव्हत्या. त्या तिथेच वर, नऊ हजारांच्या आसपास, रिकाम्या आभाळात लटकत होत्या.

मुलगा घरूनच काम करत होता. तो येऊन बसला. नाना एकेक पातळी सांगत गेले, "नऊ हजार दोनशे चाळीस... नऊशे चोवीस. आठ हजार सहाशे... आठशे साठ," आणि तो रेघ खाली ओढत गेला. सात रेघा, चार अलर्ट. शेवटी नाना म्हणाले, "आता उभी रेघ मार. निळी." मुलाने रंगांच्या चौकटीतून निळा निवडला, तो दोघांनाही नीट दिसतो. बाजूला लिहिलं, 'बोनस ४:१, स्प्लिट १:२'. नाना उठून टीव्हीजवळ गेले, बोट ठेवून अक्षरं वाचली, आणि कपाटातून वही काढून, कापऱ्या हाताने, तीच रेघ तिथेही मारली.